माळ्यावरची गरम हवा : डिसेंबरात खोलीत, मे महिन्यात बाहेर

यावल तालुक्यातल्या एका भाऊंनी विचारलं आहे : घराच्या पुढच्या भागावर स्लॅब आहे, मागच्या दोन खोल्यांवर पत्रा, आणि पत्र्याखाली फळ्यांचा माळा. डिसेंबर-जानेवारीत दुपारी माळ्यावर डोकं घातलं तरी भट्टीसारखं लागतं, आणि त्याच माळ्याखालच्या खोलीत रात्री आई गारठते. ती गरम हवा पंख्याने खाली आणता येईल का? शिवाय मळ्यात पाहुण्यांसाठी २० बाय १० फुटांचा, ४ फूट खोल पोहण्याचा हौद बांधला आहे. थंडीत त्यात कोणी उतरत नाही. याच हवेवर ते पाणीही तापेल का?

भाऊ, खोलीला उपयोग होईल, पण एका पंख्याने होणार नाही, चार गोष्टी जुळवाव्या लागतील. हौदाला ही हवा लावू नका. त्याला याहून सोपा आणि स्वस्त मार्ग तुमच्याच शेतात पडलेला आहे, तो शेवटी सांगतो. धुळे-जळगाव भागात पत्र्याच्या घरांची आणि गोदामांची हवा खेळती ठेवण्याचं काम मी बरीच वर्षं करतोय, त्यामुळे हा प्रश्न दर हिवाळ्यात कोणी ना कोणी विचारतंच.

माळ्यावरच्या हवेवर पोहण्याचा तलाव तापवायची ही कल्पना अमेरिकेतली. तिथली घरं लाकडी, वर उतरतं छप्पर, त्यावर डांबरी शिंगल्स म्हणजे डांबराच्या पातळ कौलांसारख्या पट्ट्या, आणि छपराखाली मोठी रिकामी पोकळी. उन्हाळ्यात ती पोकळी ५५-६० अंशांपर्यंत तापते. तिथे घरामागच्या तलावात पोहायचा हंगाम साधारण मे ते सप्टेंबर. म्हणजे पाणी कोमट हवं असतं तेव्हाच छप्पर तापलेलं असतं. मोटारीच्या रेडिएटरसारखं एक यंत्र पोकळीत टांगायचं, तलावाचं पाणी त्यातून फिरवायचं, पाणी तापतं आणि घरही थोडं थंड होतं. गरज आणि उष्णता एकाच वेळी हजर असतात, म्हणून तिथे ते जमतं.

आपल्याकडे नेमकं उलटं आहे. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा माळ्यावरची उष्णता कोणालाच नको असते. हवी असते डिसेंबर-जानेवारीत, आणि तीही रात्री. हिवाळ्यात आपल्याकडे दुपारी २८-३० आणि पहाटे १० किंवा त्याखाली, असा एका दिवसात १८-२० अंशांचा झोका असतो. तुमची अडचण गरम हवा मिळवण्याची नाहीच, ती दुपारी चारपासून पहाटे पाचपर्यंत सांभाळण्याची आहे. म्हणून खानदेशात माळ्याची रचना आधी मे महिन्यासाठी करायची आणि मग तिच्यातून डिसेंबरचं काम काढायचं. उलटं केलं तर दोन महिन्यांच्या उबेपायी चार महिने भाजून निघाल.

आता हिशेब. तुमची खोली १२ बाय १४ फूट, उंची १० फूट धरू. म्हणजे सुमारे ४८ घनमीटर हवा. ही सगळी हवा १० अंशांनी तापवायला किती ऊर्जा लागते? फक्त ०.१६ युनिट. ऐकायला छान वाटतं, पण जी गोष्ट इतक्या थोडक्यात तापते ती तितक्याच थोडक्यात निवते. एकदा दार उघडलं की संपलं. त्याच खोलीच्या ९ इंची विटांच्या चारही भिंती नुसत्या एका अंशाने तापवायला ४ युनिटहून जास्त लागतात, पण त्या तापल्या की रात्रभर हळूहळू देत राहतात. उष्णता राहते ती वजनात. थंडीची लाट आली की केळीच्या बागेला आपण रात्री पाणी सोडतो, त्यामागे हेच आहे : विहिरीचं पाणी सोबत ऊब घेऊन येतं आणि ती हवेपेक्षा कितीतरी जास्त वेळ टिकते. एक घनमीटर पाण्यात एक घनमीटर हवेच्या जवळपास साडेतीन हजार पट उष्णता मावते.

जुन्या धाब्याच्या घरांत हा प्रश्नच नव्हता, कारण दीड-दोन फुटी मातीच्या भिंती आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर हीच साठवण होती. पत्रा आला तेव्हा घर हलकं झालं, बांधायला सोपं झालं, पण ही साठवण गेली. पत्रा दुपारी तडतडून तापतो आणि सूर्य कलला की तासाभरात गार. संध्याकाळी साडेपाच-सहाला पत्र्याचा टण्, टण् आवाज ऐकलाय ना? पत्रा आक्रसतो त्याचा तो आवाज. तो सुरू झाला म्हणजे माळ्यावरची उष्णता निघाली.

म्हणून पंख्याआधीची एक गोष्ट. हिवाळ्यात दुपारी बाहेरची हवा २८-२९ असते आणि तुमची मागची खोली २०-२२ वर बसलेली असते. मग साडेअकरा ते साडेचार त्या खोलीची खिडकी-दारं सताड उघडी ठेवा आणि साडेचारला घट्ट बंद करा. बहुतेक घरांत थंडी म्हणून दिवसभर खिडक्या बंद असतात आणि संध्याकाळी डास येईपर्यंत उघड्या. आपल्या आजी दुपारी गोधड्या उन्हात टाकायच्या आणि ऊन असतानाच घडी घालून आत आणायच्या. तेच खोलीचं करायचं. मग माळ्याच्या फळ्यांमधल्या फटी बुजवा. रात्री खोलीतली ऊबदार हवा याच फटींतून वर जाते आणि गार पत्र्याला लागून संपते. फळ्यांवर थर्माकोलच्या दोन इंची शीट अंथरा आणि त्या उघड्या न ठेवता वर सिमेंट बोर्ड टाका, कारण थर्माकोल पेटतो. एवढं केलं तरी आईंना फरक जाणवेल. हे न करता पंखा बसवणं म्हणजे फुटक्या रांजणात पाणी भरणं.

आता हवेकडे येऊ. बहुतेक जण माळ्यावर कुठेतरी भोक पाडून पंखा लावतात. पण माळ्यावर सगळीकडे सारखी गरम हवा नसते. माझ्याकडच्या एका कामात डिसेंबरच्या दुपारी दीड वाजता आढ्याखाली, पत्र्यापासून चार बोटांवर, थर्मामीटर ५२ दाखवत होता आणि तिथेच खाली फळीवर ठेवला तर ३६. पंखा फळीशी लावला असता तर हाती ३६ अंशांची हवा आली असती. म्हणून हवा उचलायची ती आढ्यापासूनच.

त्याहून चांगलं म्हणजे सगळा माळा तापवायच्या भानगडीत न पडता पत्र्याखाली दोन-तीन इंचांची पोकळी करायची. वाशांना खालून फॉइलचं इन्सुलेशन किंवा बोर्ड मारायचा, वळचणीला हवा आत यायला जाळी लावलेली लांब फट ठेवायची, आणि आढ्याला एक आडवी पेटी. हवा वळचणीतून शिरते, तापलेल्या पत्र्याला घासत वर चढते आणि पेटीत जमते. जपानमध्ये ओकुमुरा अकिओ या वास्तुविशारदांनी १९८० च्या दशकात ओएम सोलर नावाने हीच पद्धत घरांसाठी रुजवली. वळचणीतून बाहेरची हवा, धातूच्या छपराखालून वर, आढ्याजवळ शेवटच्या टप्प्यात काचेखालून, आणि मग पंख्याने थेट घराच्या जमिनीखाली, काँक्रीटच्या लादीला तापवायला. उन्हाळ्यात तीच हवा बाहेर. मला आपल्या भागासाठी यापेक्षा योग्य नमुना दुसरा दिसत नाही, कारण त्यातही छप्पर धातूचंच आहे. काचेचा भाग मात्र सुरुवातीला सोडून द्या. काच घातली की उष्णता वाढते, पण उन्हाळ्यात ती झाकली नाही तर पेटी फार तापते, आणि माकडं असलेल्या गावात ती टिकत नाही.

तुमच्या छपराची उतरण दक्षिणेकडे असेल तर फारच उत्तम. २२ डिसेंबरच्या सुमारास आपल्याकडे माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून साधारण ४५ अंशांवरच असतो, म्हणून दक्षिणेची उतरण जास्त ऊन पिते. उत्तरेचीच असेल तर हा खटाटोप करू नका.

खाली आणायला सहा इंची नळी आणि ५०-६० वॅटचा इनलाइन डक्ट फॅन, म्हणजे नळीतच बसणारा पंखा, पुरतो. तासाला ३०० घनमीटर हवा खोलीपेक्षा १५ अंश जास्त गरम आली, तर दीड किलोवॅट झाले. पाच तासांत सात-साडेसात युनिट उष्णता, आणि पंख्याची वीज पाव युनिट. नळी जीआयची, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पत्र्याची, घ्या. गरम बाजूला पीव्हीसी घातला तर तो मऊ पडून वाकतो. नळीचं तोंड छताजवळ सोडू नका, जमिनीपासून वीतभर उंचीवर सोडा. वर सोडलेली गरम हवा वरच राहते आणि पलंगावर झोपलेल्या माणसाला तिचा पत्ताही लागत नाही. खोलीत हवा ढकलता तेव्हा तितकीच बाहेर जायला वाट हवी, म्हणून समोरच्या भिंतीत वरच्या बाजूला एक छोटी झडपेची खिडकी ठेवा.

झडपेवरून आठवलं, ते सविस्तर सांगतो, कारण माझी पहिली चूक तिथेच झाली. अमळनेरकडच्या एका घरात मी पंखा आणि नळी व्यवस्थित बसवली, दुपारी खोली छान तापली, घरची मंडळी खूश. चौथ्या दिवशी फोन आला, खोली आधीपेक्षा गार लागते. रात्री जाऊन थांबलो. दोनच्या सुमारास नळीच्या तोंडाशी हात धरला तर पंखा बंद असूनही गार हवेची धार पायांवर येत होती. टॉर्च मारून वर पाहिलं, पत्र्याच्या खालच्या अंगाला दवाचे थेंब ओळीने लटकलेले, आणि दोन-चार नळीत गळत होते. स्वच्छ आकाश असलं की पत्रा रात्री आपली उष्णता थेट आकाशात फेकतो आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतो. त्याला लागलेली हवा जड होऊन नळीतून खाली उतरते. दिवसा मी खोलीला ऊब देत होतो आणि रात्री त्याच नळीने ती गारठवत होतो. तेव्हापासून नळीत वजनाने आपोआप पडणारी झडप बसवल्याशिवाय मी काम सोडत नाही. पंखा सुरू झाला की ती उचलते, थांबला की बंद. कडेला फेल्टची पट्टी लावा, नाहीतर वाऱ्याने रात्रभर वाजते. नळीचं तोंड आढ्याच्या थेट खाली न ठेवता कोपरा देऊन आडवं घ्या, म्हणजे दव आत पडत नाही.

पंखा हाताने चालू-बंद करण्यावर भरवसा ठेवू नका. घरात कोणाला आठवेल, कोणाला नाही. दोन सेन्सरवाला थर्मोस्टॅट मिळतो. एक सेन्सर आढ्याच्या पेटीत, दुसरा खोलीत भिंतीवर, माणसाच्या छातीच्या उंचीला. फरक ७ अंशांच्या वर गेला की पंखा सुरू, ३ वर आला की बंद. ढग आले तरी तो स्वतः थांबतो.

साठवणीला काय वापरायचं? अमेरिकेतल्या डेन्व्हरमध्ये सौरऊर्जेचे अभियंते जॉर्ज लॉफ यांनी १९५७ साली बांधलेल्या घरात छतावर तापलेली हवा खडीने भरलेल्या उभ्या नळकांड्यांतून फिरवली होती. खडी चांगली साठवण आहे, पण आपल्याकडे मी ती सुचवत नाही. बंद, ऊबदार, कोरडी खडी म्हणजे विंचवाला आयतं घर, आणि एकदा उंदीर शिरला की पूर्ण उपसावी लागते. त्यापेक्षा पाण्याचे २० लिटरचे झाकणबंद कॅन घ्या. असे २० कॅन म्हणजे ४०० लिटर. ते पलंगाच्या कडेच्या भिंतीला लावून, मध्ये दोन-दोन बोटं अंतर ठेवून, प्लायच्या लांब पेटीत मांडा आणि नळीचं तोंड पेटीच्या एका टोकाला जोडा. गरम हवा कॅनमधून वाट काढत दुसऱ्या टोकाने खोलीत येते. दिवसभरात पाणी १० अंशांनी तापलं तर साडेचार युनिटच्या वर उष्णता साठते. रात्री नऊ तासांत ती बाहेर पडते, म्हणजे ५०० वॅटचा हिटर रात्रभर लावल्यासारखं, आणि शेगडीसारखा धूर नाही. यावरून एक कळकळीची गोष्ट : बंद खोलीत कोळशाची शेगडी किंवा घमेल्यात निखारे ठेवून झोपू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि झोपलेला माणूस उठत नाही.

पलंगाला पेटी चिकटवून बसण्याइतकी रुंद करा. माझ्याकडच्या घरांत म्हातारी माणसं संध्याकाळी तिच्यावरच पाठ टेकून बसतात. खोलीचं तापमान पहाटे दोन-तीन अंशांनीच जास्त असेल, त्याहून मोठी अपेक्षा धरू नका. पण पाठीशी आणि पायाशी असलेली ऊब शरीराला त्या आकड्यापेक्षा जास्त वाटते.

माळ्यावरची हवा घरात घ्यायच्या आधी माळ्यावर काय आहे ते बघा. यात मी तडजोड करत नाही. गव्हाच्या कोठीत किडीसाठी ॲल्युमिनियम फॉस्फाइडची गोळी टाकली असेल, तर तिच्यातून निघणारा फॉस्फिन वायू जीव घेतो. अशा माळ्यावरून हवा खेचायचीच नाही, आणि खरं तर राहत्या घरात ती गोळी वापरायचीच नाही. फवारणीची औषधं वर ठेवली असतील तर आधी खाली, घराबाहेर. भावाची वाट पाहत कापूस घरात भरून ठेवायची आपली रीत आहे. त्याचे तंतू पंख्यात अडकतात, मोटर तापते, आणि कापसाला ठिणगी पुरते. छप्पर जुन्या सिमेंटच्या पत्र्याचं असेल तर त्यात ॲस्बेस्टॉस असतं. त्याला घासून आलेली हवा श्वासात जाऊ देऊ नका. तिथे पत्रा बदलेपर्यंत थांबा. कबुतरांची विष्ठा, वटवाघळं, उघडी ग्लासवूल, हे सगळं आधी साफ. मी पोकळीची पद्धत सुचवतो त्याचं हेही एक कारण आहे : हवा माळ्याला न शिवता वळचणीपासून थेट पेटीत येते. वळचणीच्या जाळीमागे धुता येणारा फिल्टर लावा आणि दर पंधरवड्याला झटका. मळणीच्या दिवसांत दर तीन दिवसांनी.

आता मे महिना. होळीनंतर खोलीत येणारी नळी झाकण लावून बंद करायची आणि आढ्याची पेटी वरून उघडायची. पेटीवर फिरणारा टर्बो व्हेंटिलेटर बसवला असेल तर त्याची झाकणपट्टी काढायची. पोकळीतली हवा तापते, आपोआप वर चढते आणि बाहेर जाते, वळचणीतून नवी येते. पत्र्याची झळ माळ्यापर्यंत पोचायच्या आत निघून जाते. आणि कूलर असेल तर एक युक्ती करा. कूलरने ढकललेल्या हवेला बाहेर जायला वाट लागते, म्हणून आपण खिडकी उघडी ठेवतो आणि अर्धा गारवा वाया घालवतो. त्याऐवजी माळ्याच्या फळ्यांत एक फूट बाय एक फुटाचं झाकणाचं भोक ठेवा आणि माळ्याच्या त्रिकोणी भिंतीत वरच्या बाजूला झरोका. खिडकी जवळजवळ बंद, हे भोक उघडं. कूलरची वापरलेली हवा माळ्यावर जाते, आणि तीही ३०-३२ अंशांची, म्हणजे ५५ अंशांच्या माळ्यासाठी गारच. ती तिथली धग झरोक्यातून बाहेर ढकलते. एकाच हवेचे दोन उपयोग होतात. हिवाळ्यात हे भोक आणि झरोका दोन्ही घट्ट बंद.

हौदाकडे येतो. २० बाय १० फूट, ४ फूट खोल, म्हणजे जवळपास २२,६०० लिटर पाणी. ते एका अंशाने तापवायला २६ युनिट लागतात. माळ्यावरच्या हवेतून रेडिएटर लावून तुम्हाला दिवसाला पंधरा-एक युनिट मिळतील, म्हणजे अर्धा अंश. आणि हिवाळ्याच्या कोरड्या हवेत उघड्या हौदातून दिवसाला ३ मिलिमीटर पाणी उडालं, तर ५६ लिटर होतं, आणि प्रत्येक लिटर उडताना सुमारे ०.६७ युनिट उष्णता घेऊन जातो. हे झाले ३७ युनिट. येणं पंधरा आणि जाणं सदतीस. दिवसाचं थेट ऊन पाण्यावर पडतं म्हणूनच पाणी काही तरी ऊब धरून राहतं. रेडिएटरवर पैसे घालणं मला पटत नाही.

पहिलं काम, हौदावर आच्छादन. बुडबुड्यांचं पारदर्शक प्लास्टिक मिळतं, ते पाण्यावर तरंगत ठेवा. ऊन आत जातं, वाफ अडते. दुसरं, ठिबकच्या १६ मिलिमीटरच्या काळ्या नळ्या पत्र्यावर अंथरून हौदाचं पाणी त्यांतून पंपाने फिरवायचं. तुमच्याकडे केळी आहे, म्हणजे बंडलं असतीलच. मात्र ड्रिपर, म्हणजे पाणी ठिबकणारी तोंडं, नसलेली साधी लॅटरल नळी घ्या. जुनी, भोकं पडलेली नळी छपरावर घर गळवेल. पत्र्यावर हौदाच्या पृष्ठभागाच्या किमान निम्म्याइतकी जागा या नळ्यांनी भरायची, म्हणजे साधारण दहा चौरस मीटर. शेजारी शेजारी लावल्या तर त्याला ६०० मीटर नळी लागते. ती एकच लांब वेटोळी करू नका, घर्षणाने पंप दमेल. ठिबकला करतो तसं दोन्ही टोकांना सबमेन, म्हणजे जाड जोडनळी, घ्या आणि वीस-वीस मीटरचे तीस तुकडे समांतर जोडा. पाणी नळ्यांत फार गरम व्हायची वाट पाहू नका. भरपूर पाणी वेगाने फिरवा, येताना एक-दोन अंश जास्त असलं की काम होतंय. कोमट पाण्याची नळी उन्हाची ऊब जास्त धरते, गरम झालेली ती वाऱ्याला देते. एवढ्या जागेतून चांगल्या उन्हात दिवसाला वीस युनिटच्या आसपास मिळतील, आणि आच्छादन असेल तर ती साठत जातील. जागा दुप्पट केली तर त्याहून बरं.

पंप साडेदहाच्या आत सुरू करू नका आणि चारनंतर ठेवू नका, नाहीतर नळ्याच पाणी गार करतील. हाच गुण उन्हाळ्यात कामाला येतो : मे महिन्यात हौदाचं पाणी नकोसं गरम झालं की पंप रात्री दहा ते पहाटे पाच चालवा. दिवसा पाणी न फिरवता नळ्या पत्र्यावर ठेवल्या तर त्या मऊ पडून जोडांतून निसटतात, म्हणून रात्री वापरणार नसाल तर मार्चमध्येच गुंडाळून सावलीत ठेवा आणि जोडांची तोंडं कापडाने बांधा, नाहीतर गांधीलमाश्या त्यात मातीची घरं करतात.